आधी मुखरूचं, मग दसरूचं

झाडीपट्टीत नाटक दोनदा ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू द्यावं, हसण्याला काय पैसे पडतात? पण गोष्ट खरी आहे. पडद्याच्या कडेला, विंगेत, खोक्यावर प्रॉम्प्टर बसलेला असतो. तो एकेक वाक्य खालच्या आवाजात देतो आणि स्टेजवरचा नट तेच वाक्य छाती फुगवून, हात उंचावून म्हणतो. समोर तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेल्या पहिल्या रांगांना दोन्ही ऐकू येतं, आधी हळू, मग दणक्यात. कोणी त्यात खोट काढत नाही. दिवसभर धान कापायचं, भारे बांधायचे आणि वर पाठांतरही करायचं, तर माणसानं झोपावं कधी?

चामोर्शीकडच्या एका गावचा मुखरू उंदिरवाडे असा प्रॉम्प्टर होता. अंगानं नुसती काडी, पण आवाज इतका नेमका की विंगेतून निघाला की सरळ नटाच्या कानात. आणि नट होता दसरू रामटेके, त्याच मोहल्ल्यातला, त्याचा लंगोटीयार. दसरू म्हणजे उभा सागवान. गळा असा की मंडईच्या जत्रेत पार शेवटच्या बैलबंडीवर बसलेल्या म्हातारीनंही मान डोलवावी. पण अक्षराशी त्याचं हाडवैर. लहानपणी मास्तरनं एकदा कान पिळला, तेव्हा शाळेच्या खिडकीतून जो उडी मारून पळाला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्यामुळे दसरूनं केलेले सगळे राजे, सगळे सरदार, सगळे दारुडे नवरे आधी मुखरूच्या तोंडून निघालेले. पुढचं वाक्य हवं झालं की दसरूचा डावा डोळा हळूच विंगेकडे सरकायचा. लोकांना वाटायचं, काय राजाचा तोरा आहे! तोरा कसला डोंबलाचा, गड्याला पुढचं ठाऊक नसायचं.

घरी, पारावर, शेतात दसरूची बडबड सुरूच असे. तिथं त्याला कोणाची गरज नव्हती. पण बोलण्याला वजन आलं, म्हणजे कोणाला काही मनातलं सांगायची वेळ आली, की त्याची जीभ टाळूला चिकटे आणि डावा डोळा मुखरूला शोधायला लागे. त्याचं लग्नही असंच जमलं. कुरखेड्याकडे मुलगी पाहायला गेले. स्टेजवर गर्जणारा हा वाघ तिथं भिजलेल्या मांजरासारखा बसून राहिला. मुलीचं नाव शकू. ती चहा ठेवून उभी राहिली, तेव्हा तिचा मामा म्हणाला, "पोराले काई बोलाचं असन तं बोल म्हना." झालं! दसरूचा डोळा सरकला. मुखरू मागे धान साठवायच्या ढोलीला टेकून बसला होता. त्यानं सवयीनं, ओठ न हलवता, वाक्य सोडलं: "मले वाचता येत नाई. पन तुमी सांगान ते सारं ध्यानात ठेवीन."

दसरूनं तेच म्हटलं, पण स्टेजवरच्या आवाजात. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. शकू पदराआड हसली आणि हो म्हणाली. मुखरू आयुष्यभर ही गोष्ट रंगवून सांगायचा, फक्त ढोलीमागचा भाग वगळून. विंगेतल्या माणसानं विंगेतच राहावं, हा त्याचा नेम. प्रॉम्प्टर प्रेक्षकांशी कधी बोलत नाही. त्याचं वाक्य नटाच्या तोंडून निघालं तरच ते वाक्य, नाहीतर नुसती वाफ.

गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात दसरूला हिवतापानं धरलं. धानाच्या रोवणीचे दिवस. 'आज उतरल, उद्या उतरल' करत तो घरीच राहिला आणि ताप डोक्यात गेला. बंडीत घालून दवाखान्यात नेला, तेव्हा शकुबाई शेतातल्या बांधीतून तशीच उठून आली होती, पायाला रोवणीचा चिखल. नर्स म्हणाली, आत एकानंच थांबा. शकुबाई पुढे झाली, तर दसरूनं मान हलवली. "आधी मुखरूले बलावा," म्हणाला. शकुबाई दाराबाहेर बसली.

भर दुपार होती. खिडकीतून इतका उजेड येत होता की दसरूच्या कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब दिसत होता.

"मुखरू, मी काई आता उठत नाई," तो म्हणाला. "शकू बाहेर आहे न? तिले आत बलावतो. तिले काय म्हनू? सांग."

आणि त्याचा डावा डोळा सरकला.

मुखरूनं तोंड उघडलं. राजांची मरणं त्याच्या जिभेवर रांग लावून उभी होती. 'प्रिये, हा नश्वर देह आता पंचत्वात विलीन होत आहे', असली जरीकाठी वाक्यं. पण चिखलाच्या पायांनी दाराशी बसलेल्या शकुबाईला 'प्रिये' कसं म्हणायचं? शरम वाटली त्याला. मग स्वतःचं एखादं साधं वाक्य शोधायला गेला, तर आत ठणठण गोपाळ. जन्मभर दुसऱ्याचं वाटून वाटून या माणसाच्या घरात चिमूटभर मीठ उरलं नव्हतं.

"काय म्हनू?" दसरूनं पुन्हा विचारलं.

मग त्यानं विचारायचं थांबवलं. डोळा मात्र तसाच मुखरूकडे लागलेला राहिला. तो आता कशाचीही वाट पाहत नाही, हे मुखरूच्या ध्यानात यायला वेळ लागला.

बाहेर आल्यावर शकुबाईनं विचारलं, "काई म्हनले का जी?"

"नाई," मुखरू म्हणाला. "झोपेतच गेला."

त्या हिवाळ्यात मंडळी नव्या नटाला घेऊन उभी राहिली आणि मुखरू खोक्यावर बसला. त्यानं वाक्य दिलं, नटानं घेतलं. पण देणं आणि घेणं यांच्यामध्ये जी पापणीएवढी जागा असते ना, तिथून तिसराच आवाज आला. अगदी ओळखीचा. "काय म्हनू?" मुखरूच्या हातून नाटकाची वही गळाली आणि राजा दरबारात तोंड आ करून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून मुखरूनं प्रॉम्प्टिंग सोडलं, ते सोडलंच.

त्याच सुमारास चंद्रपुरात एक कॉलेज उघडलं. विद्यापीठाची मान्यता, बोर्डावर ठसठशीत अक्षरं, आणि जागा मात्र जुन्या जिनिंगचं टिनाचं गोदाम. एका टोकाला नाटक, मध्ये चित्रं आणि नक्षीकाम, दुसऱ्या टोकाला फोटो आणि आवाजाची रेकॉर्डिंग. गावात त्याला 'नाचगाण्याचं कॉलेज' म्हणत आणि आपल्या पोरींना तिकडून दुसऱ्या रस्त्यानं नेत. नाट्य विभागाला पडदे बांधता येणारा शिपाई हवा होता. मुखरूला कोणीतरी सुचवलं. तो बायको बायनाबाईला घेऊन चंद्रपूरला आला. त्याला वाटलं, चला, सुटलो. इथं विंग असली तरी खोकं नाही.

विभागाचे वैरागडे सर भला माणूस, पण पाठांतराच्या बाबतीत पक्का कडक. "प्रॉम्प्टर म्हणजे नटाची कुबडी," ते म्हणत. पोरं खरंच सगळं पाठ करत, आणि छान करत. मुखरूही कबूल करायचा. इथवर ठीक होतं. पण सर आणखी एक गोष्ट शिकवत, आणि तिथं मुखरूचं मरण होतं. सर पोरांना गप्प राहायला शिकवत. "पॉज घ्या," ते ओरडत, "पॉज! थांबण्यातही संवाद असतो." आता बोला! झाडीत स्टेजवर कोणी गप्प झाला तर त्याचा अर्थ एकच, माणूस बुडाला, दोर फेका. आणि इथं पोरं मुद्दाम बुडत होती. पोरं थांबली, गोदाम शांत झालं, की टिनाखालच्या त्या शांततेत मुखरूच्या डाव्या कानाशी कोणीतरी विचारायचं, "काय म्हनू?"

रेकॉर्डिंगची खोली त्याहून वाईट. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, बाहेरचा कावळासुद्धा आत ऐकू येत नाही. मुखरू तिथं झाडू मारायला जायचा तेव्हा दाराला वीट लावून ठेवायचा आणि मोठ्यानं खाकरत राहायचा. एकदा वाऱ्यानं वीट सरकून दार लागलं. आत आवाज असा जवळून आला की मुखरूनं मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पण खाट कुरकुरावी तसं काहीतरी कुरकुरलं, आणि त्या खोलीत खाटच नव्हती.

त्यानं बायनाबाईला सांगून पाहिलं. ती तडकलीच. "आपन दीक्षा घेतलेले लोक. देव घराबाहेर काढले, अन् तुमी आता भूत आनता का जी घरात?" तिचं बरोबर होतं. भूत मानत नाही म्हटल्यावर त्याला उतरवायला मांत्रिकाकडेही जाता येत नाही; आपलं आपणच सांभाळावं लागतं.

दरवर्षी धान निघालं की शकुबाई नव्या तांदळाची पिशवी घेऊन यायची. ओसरीवर बसायची, चहा प्यायची, पिकापाण्याचं बोलायची आणि उठताना, जसं काही आत्ताच आठवलं, विचारायची, "मुखरूभाऊ, काई म्हनले नवते का जी ते?" मुखरूचं पाणी पाणी व्हायचं. त्यानं तोवर शंभरदा वाक्य जुळवलेलं असायचं. पण 'दसरू असं म्हणाला' असं सांगणं म्हणजे शुद्ध खोटं, कारण दसरू काहीच म्हणाला नव्हता. आणि दसरूनं न म्हटलेलं वाक्य मुखरूनं सरळ शकुबाईला देणं म्हणजे प्रॉम्प्टरनं पडदा सारून स्टेजवर येणं. "झोपेतच गेला," तो खाली पाहून म्हणायचा. शकुबाई मान हलवून निघायची. एवढीच एक गोष्ट त्याला आयुष्यात आता हवी होती. ते वाक्य सापडावं, आणि कसंतरी तिच्यापर्यंत पोचावं. त्याशिवाय दसरू जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग एका वर्षी शकुबाई तांदळाबरोबर पोरीलाही घेऊन आली. कांता बारावी झाली होती आणि नाटकच शिकीन म्हणून हटून बसली होती. "इचा बाप तुमच्या तोंडानं बोलला," शकुबाई म्हणाली. "पोट्टीले सोताच्या तोंडानं बोलू द्या." कांता मुखरूच्याच घरी राहिली. बापाचा गळा तिनं उचलला होता, आणि अडली की डावा डोळा सरकायचा, तोही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मुखरूनं चहाची किटली खाली ठेवून दिली.

सत्त्याऐंशीच्या गॅदरिंगला सरांनी नाटक बसवलं. कोळशाच्या खाणीत एक गाव जातं, लोक उठून जातात, आणि शेवटी एकटी पोरगी घराच्या उंबऱ्यावर उभी राहते. ती कांता. तिथं सरांनी लांबलचक पॉज ठेवला होता, त्यानंतर एकच वाक्य, "चल, निघते मी," आणि पडदा. पडदा ओढायला मुखरू.

"मुखरूभाऊ, फक्त दोरी ओढायची," सरांनी बजावलं. "तोंडातून अक्षर नाही."

"नाई जी," मुखरू म्हणाला, आणि तो खरंच तसं ठरवून उभा होता.

दुपारचा खेळ. गोदाम खचाखच भरलेलं. चित्रांच्या पोरांनी पडद्यावर गाव रंगवलं होतं, फोटोवाले गुडघ्यावर बसून फ्लॅश मारत होते. शकुबाई सकाळच्या एसटीनं आली होती आणि थेट पहिल्या रांगेत बसली होती. तिला दुसरीकडे बसायची सवयच नव्हती.

नाटक चांगलं चाललं. शेवट आला. कांता उंबऱ्यावर उभी राहिली, घराकडे पाठ करून लोकांकडे वळली, आणि तिची नजर आईवर पडली. शकुबाई डोळे पुसत होती. पॉज सुरू झाला. ठरल्याएवढा झाला. मग ठरल्यापेक्षा जास्त झाला. सर खाली खुर्चीच्या टोकावर आले. कांताचा चेहरा कोरा झाला होता. एवढंसं वाक्य, पण गेलं ते गेलं.

"काय म्हनू?"

मुखरूनं कान टवकारले नाहीत, त्याला गरजच नव्हती. त्यानं कांताकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. पण डावा डोळा सरकून विंगेत त्याच्यावर येऊन थांबला होता. अगदी तसाच. खाटेवरून पाहत होता तसाच. विचारलं कोणी, पोरीनं की तिच्या बापानं? ते ठरवायला वेळ कुठं होता! त्या डोळ्यापुढे आणखी एकदा मुकं राहणं त्याला जमलं नसतं. मुखरूनं तोंड उघडलं, आणि दवाखान्यात जे आलं नव्हतं ते आपोआप आलं, त्या नेमक्या, हलक्या आवाजात.

"शकू, तू सांगतलं ते सारं ध्यानात ठेवलं मी."

कांता पाळण्यात होती तेव्हापासून नाटकाच्या पडद्यामागे झोपलेली पोर. सरांनी कितीही शिकवलं तरी हाडात मुरलेलं कुठं जातं? विंगेतून आलं ते म्हणायचं, विचार नंतर करायचा. तिनं समोर पाहून खणखणीत आवाजात म्हटलं, "शकू, तू सांगतलं ते सारं ध्यानात ठेवलं मी."

"काई इसरलो नाई. आता जातो."

"काई इसरलो नाई. आता जातो."

"तू बसून रडू नको. पाय धुवून घे, अन् जेवून घे."

कांतानं तेही म्हटलं. म्हणता म्हणता आपण काय म्हणतोय ते तिला कळलं, आणि शेवटचा शब्द ओला झाला. मुखरूनं दोरी ओढली. पडद्यापलीकडे टाळ्यांनी टिन थडथडलं. लोकांना वाटलं, नाटकच तसं आहे.

सर तरातरा विंगेत आले. "मुखरूभाऊ, तुम्हाला काय सांगितलं होतं मी?" रागावण्याचा त्यांचा हक्कच होता. मुखरू मान खाली घालून "चुकलं जी" म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. कडुनिंबाखाली पाण्याचा रांजण होता, तिथं तो टेकला. शकुबाई आधीच तिथं येऊन उभी होती.

आता खोटं बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "शकुबाई, दसरू तसं म्हनला नवता. ते मीच..."

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

तिनं रांजणातून पाणी घेतलं, तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

"आमच्या घरी तुमी ढोलीमांगं बसले होते," ती म्हणाली. "मले आधी तुमचं ऐकू आलं, मंग त्याईचं. दोन्ही ऐकून मी हाव म्हटलं होतं. दवाखान्यातबी माझा कान दारालेच लागून होता, भाऊ. 'काय म्हनू' ते दोनदा म्हनले. तुमचं काईच आलं नाई. तुमचं आलं नाई तं त्याईचं कुठून येईन?"

मुखरू तिच्याकडे पाहतच राहिला. "तुमाले माईत होतं? मंग दरसाल काऊन इचारत होत्या?"

"तुमी अडकले होते न जी," शकुबाई म्हणाली. "अडकलेल्या मानसाले कोनीतरी पुढचं द्यावं लागते."

आत पोरांचा गोंगाट चालला होता, बाहेर सारं शांत होतं, आणि त्या शांततेत त्यानं सवयीनं डावा कान पुढे केला. कोणी काही विचारलं नाही. त्यानं आणखी थांबून पाहिलं. निंबाचा पाला हलला, तेवढंच. तेव्हा कुठं त्याला कळलं की दसरू गेला, आता खरंच गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या मित्रासाठी मोठ्यानं रडला, लहान पोरासारखा, नाक न पुसता.

शकुबाईनं त्याला रडू दिलं. मग रांजणातून लोटाभर पाणी काढून त्याच्यापुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "तोंड धुवा, अन् जेवून घ्या."